जांभळ्या दिव्याला नमस्कार

विंझर

तीर्थरूप सोपानमामांना शिवानीचा नमस्कार.

संध्याकाळी गोठ्यात जांभळा दिवा लागला, तर त्याला हात जोडायचे की नाही? चंद्राकाकूंनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. अर्धवट उचललेले हात तसेच धरून त्या म्हणाल्या, "घरात तू येकलीच एवढी शिकलीस, आन ह्ये ठाऊक न्हाई?"

मामींचा गुडघा आता बरा असेल. इकडे सगळे ठीक आहेत. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

मिरचीची रोपं करायला आबांनी रिकामा गोठा दिला, तेव्हा तुम्ही हौसेनं दुकानातला सगळ्यात प्रखर दिवा पाठवलात. काचेवर लाल रंगात 'सोपानमामांकडून भाचीस सप्रेम भेट' असंही लिहून घेतलंत. (अक्षरं इतकी ठळक, की रोपांवर 'सप्रेम'ची सावली पडायची.) तो पिवळा उजेड सगळं गाव बघून गेलं. आबा म्हणाले, हितं सुई पडली तरी घावंल. सुई घावली असती, मामा. रोपं मात्र सुतासारखी लांबली आणि आडवी पडली. बी गावातल्या बायकांनी घरोघरी राखलेलं, विकत कुठंच न मिळणारं. त्यातलं निम्मं असं गेलं.

दोष दिव्याचा नाही. पिवळा उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो. रोपाला अंग धरायला निळा आणि तांबडा लागतो. म्हणून मी त्या रंगांच्या दिव्यांची, दोन्ही मिळून जांभळी दिसणारी पट्टी आणली आणि उरलेलं बी तिच्याखाली टाकलं. या उजेडात सुई सोडाच, आबांना स्वतःची चप्पल सापडत नाही. (टेम्पोवाले थांबून विचारतात, हितं आर्केस्ट्रा कवा हाय.) पण रोपं बुटकी, जाड देठाची, हिरवीगार आलीत.

आबांनाही ते दिसतंय. तरी त्यांचं म्हणणं, शनिवारी मामा येणार, तेवढा दिवस त्यांचा दिवा वर चढव, माणसाचं मन मोडू नये. मी नाही म्हटलं. ज्याच्याखाली बायकांचं बी वाया गेलं, तो दिवा तुम्हाला खूश करायला लावणं मला जमणार नाही. तेव्हापासून आबा माझ्याशी बोलत नाहीत.

तुमची
शिवानी

ता. क. काकूंनी जांभळ्या दिव्याला अजून हात जोडलेले नाहीत. काल वाकून रोपांना जोडले.

आणखी एक. शनिवारी घरी येण्याआधी एसटीच्या निवाऱ्यापाशी थांबा. रागवायचं असेल तर तिथंच रागवा, आबांसमोर नको. शेवटच्या गाडीतून उतरणाऱ्या बायका तिथं अंधारात चाचपडायच्या. तुमचा दिवा कालच वायरमनला विचारून मी तिथं लावून घेतला. काचेवरची अक्षरं खरवडून खांबावर रंगवली. त्यातला 'भाचीस' तेवढा गाळला.