चोवीस ठिपक्यांचा चेहरा

बाबा, तू गेल्यापासून आपल्या घरात तुझा एकही फोटो नाही आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. सर्वपित्रीला आपल्या मुरबे गावात घरोघर फोटोंना हार पडतात. आपल्याकडे आई हार घेऊन नुसती उभी. तिची नजर अधू होत चाललीय; यंदा म्हणाली, "मना दिसतं तवर त्याला एकदा दाव." मी चिडलोच. दाखवू कुठून?

मग माझ्या जुन्या बटणांच्या मोबाइलमध्ये एक फोटो सापडला. तुझा चेहरा त्यात जेमतेम चोवीस ठिपके रुंद. बोईसरच्या स्टुडिओवाल्याने तो मोठा करताना जे नव्हतं ते मनानेच भरलं. गुळगुळीत गाल, कोरलेल्या भुवया. आईने एक नजर टाकली. "यो कोन? हा तुजा बापूस नाय."

मी आता कारखान्यांच्या गेटवरचे दिव्यांचे बोर्ड बनवतो. चौकटीच्या कागदावर अक्षर आखायचं, कुठला दिवा पेटवायचा ते ठरवायचं. लहानपणी गणिताच्या वहीत मी चौकोन रंगवत बसायचो, तेव्हा तू मासेमारीचं जाळं विणता विणता ओरडायचास, "डोलं फोडून घेशील! जालं विनायला बस!" तर परवा तुझे ठिपके जसेच्या तसे बोर्डवर चढवले, एका ठिपक्याला एक दिवा. जवळून नुसती खिचडी. डोळा म्हणजे तीन विझलेले दिवे. त्यातला एक पेटवला की तू कोणी परकाच व्हायचास, विझवला की परत तू. दिवसभर हेच करत बसलो.

घरी बोर्ड लावला तर आई नाक टेकवून बघायला लागली. "ठिपकं हायत नुसतं."

"आई, मागे सर. पार दारापर्यंत. आणि चष्मा काढ."

कुरकुरत गेली. चष्मा काढला. डोळे बारीक केले. मग म्हणाली, "बघ, आजपन दाढी नाय केली यानं."

मी खालीच बसलो, रडलो. ती डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तवा बापाचा फोटो काडून ठेवलास, बरं केलंस पोरा." मी मान डोलावली.

बाबा, तो फोटो निघाला त्या नारळी पुनवेला मी होडीच्या नव्या इंजिनाचा फोटो काढत होतो. तू मध्ये आलास. "बाजूला हो ना!" म्हणून खेकसलो, पण तोवर बटण दाबलं गेलं होतं. आईला हे सांगायची हिंमत नाही, म्हणून या कागदावर लिहितोय, जो कुठेच जाणार नाही. त्या फोटोत मला तू नकोच होतास.