एकाच हाताचा नियम

लोहारा, यवतमाळ
दि. १८ जानेवारी २०२५

प्रिय जीवनभिया,

नमस्कार. तिकडे बर्फ पडत असेल, कानटोपी घालत जा, ऐट नंतर. याडीचे गुडघे ऊन पडलं की बरे असतात; आईच ती, दुखलं तरी सांगत नाही. बाबा मजेत आहेत. त्यांची शाळेची व्हॅन चालू आहे. फोनवर बोलले असते, पण बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून पत्र.

तुझी बहीण आता पिस्तूल चालवते, छऱ्याचं. हसू नकोस, घरात फौजी काय तू एकटाच? शाळेच्या शेडमध्ये सर शिकवतात. आधी कितीतरी दिवस छरा दिलाच नाही. नुसतं उभं राहायचं, श्वास सोडून थांबायचं, नळी कायम समोर. आणि पिस्तूल एकाच हाताने धरायचं, दुसऱ्याचा आधार चालत नाही. परवा एक छरा बरोबर मधोमध लागला तर मी नाचले आणि सरांची बोलणी खाल्ली.

मागच्या शनिवारी बाबा न्यायला आले. सर म्हणाले, "या धनसिंगभाऊ, तुमीबी धरून पाहा." बाबांनी दोन्ही हात पुढे केले. सर हसून म्हणाले, "एकच हात."

भिया, बाबांनी हात लांब केला आणि नळीचं टोक थरथरायला लागलं. नवख्याचं हलतं तसं नाही. सरांचं हसू गेलं. बाबांनी पिस्तूल खाली ठेवलं. "थंडीनं होऊन राह्यलं," म्हणाले. बाहेर चांगलं ऊन होतं.

चहाचा कप ते दोन्ही हातांनी का धरतात ते मला तेव्हा कळलं. येताना गिअर टाकायला त्यांना चाचपडावं लागलं. मागे पोरं गाणी म्हणत होती.

सर म्हणतात, डॉक्टरला दाखवा. बाबा म्हणतात, "डाक्टर पयले गाडीच सोडाले लावते. मंग मी करू काय?" याडीला आणि तुला सांगायचं नाही, अशी शपथ त्यांनी मला घातली आहे. ती मी आज मोडली. सकाळी त्या पोरांच्या आया हसून हात करतात, तेव्हा मीही हसून हात करते. आणि सगळं माहीत असून त्याच गाडीत बसते.

आता संध्याकाळी ते घरामागे पाण्याने भरलेली बाटली धरून हात लांब करतात. "तुले शिकवलं तसं मले शिकव. हात थांबला पाह्यजे." मी सांगते, श्वास सोडा, खांदा ढिला करा. ते सगळं निमूट करतात. मग माझ्याकडे बघून विचारतात, "थांबला का, बबिता?"

सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तरी ये.

रोज त्यांना "थांबला" म्हणून सांगणारी,
तुझी बबिता