अळणी ताट

चैत्र वद्य ४, शके १८६४

पोचले. चारठाण्यापासून पुढं बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली, पण आबासाहेबांचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, पाहिला आणि शीण गेला. शेताच्या मधोमध चार खणांचं धाब्याचं घर, सारवलेलं अंगण, एक दांडगा आंबा आणि त्याच्या सावलीत विहीर. पाणी गोड. वालूरला आमच्याकडं चैत्रात घागर घेऊन ओढ्यापर्यंत जावं लागतं. इथं हात लांब केला की पाणी. मी स्वयंपाकाला राहिले आहे. निजायला कणगीशेजारची खोली मिळाली, तिला खिडकीही आहे. रांडमुंड बाईला कुणी खिडकी देत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते.

दारात एक गंमत झाली. आबासाहेबांच्या पत्नी चतुराबाई घागर घेऊन उभ्या होत्या. आत येणाऱ्याच्या पायांवर पाणी ओतायचं आणि बाई असेल तर तिचा पदर पाण्यात बुडवून पिळायचा, असा या घरचा रिवाज. माझ्या पदराच्या गाठीत वाटेत भाकरीबरोबर खायला घेतलेलं खडेमीठ होतं. सगळं विरघळून अंगणात गेलं. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

संध्याकाळी वरण केलं आणि मिठाचं मडकं शोधलं. सापडेना. चतुराबाई म्हणाल्या, या घरात मीठ येत नाही. असेल एखादं व्रत. बायकांची व्रतं मी पुष्कळ पाहिली आहेत. जीभ कंटाळली की देवही कंटाळतो.

चैत्र वद्य ७

हे व्रत संपणारं नाही.

यांचा एकुलता एक मुलगा चंद्रभान गेल्या वैशाखात लांबच्या शेतात ऊन लागून पडला. पाणी घेऊन माणूस पोचेपर्यंत संपला. मग कुणी देवरुषी आला. मेलेल्याला मीठ चालत नाही, घरानं अळणी खाल्लं तर पोरगा जेवायला येईल, असं सांगून तो धोतरजोडी घेऊन गेला. तेव्हापासून भर दुपारी चंद्रभानचं ताट वाढतात. भात, वरण, तांब्याभर पाणी. रिकाम्या पाटाला चतुराबाई आग्रह करतात, "घे रे बाळा, अजून थोडं घे." आबासाहेबांना जिंतूरच्या तहसिलीत बसायला खुर्ची देतात म्हणे. घरात मात्र ते त्या पाटासमोर मान खाली घालून जेवतात. शहाण्या माणसाचा मूर्खपणा हा साध्या मूर्खपणापेक्षा जास्त जागा अडवतो.

म्हातारा-म्हातारी सावलीत बसून असतात. त्यांना घाम नाही, म्हणून अळणी पचतं. मरण आहे ते कमलचं. ही चंद्रभानची बायको, कपाळ पुसलेली पोर. उन्हात रहाट ओढते, धुणं धुते, शेण काढते. पाठीवरून घामाच्या धारा लागतात आणि त्या बदल्यात पोटात मिठाचा कण नाही.

मला यातलं थोडं कळतं. आमचे मालक मुंजाजी पटकीनं गेले. अंगातलं पाणी वाहून चाललं होतं आणि गावचा वैदू उंबऱ्यावर बसून सांगत होता, पाण्याचा थेंब देऊ नका, रोग भडकेल. मी ऐकलं. ते पाणी मागत गेले. बोटांची टोकं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. पुढं पुतण्याच्या पाटीवर अक्षरं शिकले, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, आणि एकदा पहिली पानं फाटलेलं वैद्यकीचं पुस्तक हाताला लागलं. त्यात आहे की माणसाचं रक्त खारट, घाम खारट, आसवं खारट. अंगातलं पाणी मिठाच्या जोरावर अंगात टिकतं. दोन्ही वाहून गेली तर दोन्ही परत द्यायची, मीठही आणि पाणीही. एवढी साधी गोष्ट. माझ्या माणसाचा जीव त्या वैदूच्या अडाणीपणात गेला. तो अजून वालूरला मिशीला तूप लावून हिंडतो.

चैत्र वद्य १०

शेतात खतासाठी मेंढरं बसवली आहेत. कळप तानुबाई धनगरणीचा. तिला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, कारण ती मेंढरांसाठी मिठाचे खडे बाळगते. मी कुडापाशी गेले तर तिची पांढरी शेळी माझा हात चाटू लागली. तानुबाई म्हणाली, "घामातलं मीठ चाटायलीय ती. मानसाची पारख हाय तिला." मग तिनं कमलला हाक मारली. पोर घामानं निथळत आली, हात पुढं केला. शेळीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

तानुबाई हसली नाही. हळूच म्हणाली, "ह्या घरच्या कुनालाच चाटंना बगा ती. लय दिसांपासून."

मी तिला म्हटलं, यात भुताटकी काही नाही, पोरीच्या अंगातलं मीठ आटलंय. घामात यायला आधी अंगात असावं लागतं. तानुबाईनं कुडावरून मूठभर खडे दिले. ते माझ्या खिडकीच्या कोनाड्यात ठेवले आहेत. आजपासून कमलच्या भाकरीच्या पिठात मीठ. माझ्या भाकरीत नाही. आहे ते तिला पुरायला हवं. मी धट्टीकट्टी आहे.

चैत्र वद्य १३

कमलच्या तोंडावर तेज आलंय. काल चक्क हसली. मला "मावशी" म्हणते. तिला विचारलं, तुला तो दिसतो का गं ताटावर? म्हणाली, आधी रोज दिसायचा, आता चार दिवस झाले, दिसत नाही. बरं झालं म्हटलं. नवरा भाकरीतल्या चिमूटभर मिठाला भिऊन पळतो तर जिवंतपणी तरी काय कामाचा होता! तिनं तोंडाला पदर लावला, पण हसली.

वैशाख शुद्ध १

पकडले गेले. चतुराबाईंनी कमलच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. ओरडल्या नाहीत. भाकरी कुत्र्यापुढं टाकली, माझा कोनाडा रिकामा केला आणि म्हणाल्या, "माझं लेकरू इतके दिवस उपाशी परत गेलं, धुरपताबाई. तहानेलं परत गेलं." डोळ्यांत पाणी नव्हतं. आबासाहेबांनी कळप दूरच्या शेतावर हलवला. पीठ आता चतुराबाई स्वतः मळतात.

मला घालवून देत नाहीत. का, ते कळत नाही. मीही जात नाही. कमलला या दोन बुजगावण्यांच्या ताब्यात ठेवून जायला मी काही तो वैदू नाही.

मीठ नाही तर नाही, पाणी तर आहे. ते कुणाच्या बापाला अडवता येणार नाही.

वैशाख शुद्ध ३

अक्षय तृतीया. करा आणि केळी, मातीची दोन भांडी पाण्यानं भरून पितरांच्या नावानं ठेवली. चंद्रभानच्या ताटाला आज आमरस.

कमल अचानक पाटाकडं बघून बोलायला लागली. आले, म्हणाली. पाणी मागायलेत म्हणाली. चतुराबाईंनी आनंदानं तिच्या तोंडावरून हात फिरवला. मला किळस आली.

जेवणं झाल्यावर ताट मी उचललं. मघाशी वाढलेला आसट भात सुकून खडखडीत, वाटाण्यासारखा वाजत होता. दोन्ही मातीची भांडी कोरडी. वैशाख आहे, मातीचं भांडं पाझरतं, भात सुकतो. यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहिलं, कारण खोलीत आले तेव्हा माझे ओठही तसेच सुकले होते.

वैशाख शुद्ध ५

कमलचं डोकं ठणकतंय. पोटऱ्यांत गोळे येतात. ओकारी थांबत नाही. मी तिच्याजवळ बसून फुलपात्रं भरभरून पाणी पाजते. नको म्हणते तरी पाजते. माझ्यासमोर दुसरं माणूस तहानेनं जाणार नाही. दुपारी ती ताठ झाली, डोळे फिरवले, दात घट्ट मिटले, हातपाय झाडले. चतुराबाई हात जोडून म्हणाल्या, आला, तिच्या अंगात आला. शुद्धीवर येताच मी तिला आणखी पाणी दिलं.

मीही पुष्कळ पिते आहे. चुलीपुढं घाम येतो. पोटऱ्या माझ्याही दुखतात.

वैशाख शुद्ध ६

पुस्तक काढलं. ते पान मी कितीदा वाचलंय. मीठही आणि पाणीही. दोन्ही. मला नेहमी "पाणी" एवढंच दिसायचं, कारण ते मी दिलं नव्हतं.

हरभरे बंद मडक्यात भिजवून विसरलं की फुगून मडकं फोडतात. रक्तात मीठ नसलं की पाणी तिथं थांबत नाही. ते मांसात शिरतं, मेंदूत शिरतं. मेंदू फुगतो आणि भोवती हाडाचं मडकं. म्हणून डोकं. म्हणून झटके. तिच्यात जे थोडं मीठ उरलं होतं ते मी फुलपात्रानं धुऊन काढलं. म्हातारीनं मीठ बंद केलं, आणि पाणी ओतायला मी, शहाणी, पुस्तक वाचलेली.

वैदू तरी अडाणी होता.

वैशाख शुद्ध ७

आज दोन ताटं. एक चंद्रभानचं. दुसरं कुणाचं, असं मी चतुराबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अगदी मायेनं. म्हणाल्या, "तुमचंही कुणीतरी तहानेलं आहे की, बाई."

मला ठेवून का घेतलं ते कळलं.

मूर्ख बाई. दोन्ही घरच्या तहानेचं अन्नछत्र मांडलंय.

कमलला आता पाणी देत नाही. ती मागते. मी तोंड फिरवते. पुन्हा तेच करायची वेळ आली माझ्यावर.

वैशाख शुद्ध ८

अक्षर वाकडं येतंय. बोटं जड.

कोरडे खडखडीत भात, कोरडी भांडी. मेलेल्यांना अन्न नको असतं. पाणी हवं असतं. आणि मीठ असलेल्या अंगातलं पाणी मीठ सोडत नाही, धरून ठेवतं. म्हणून त्यांना मीठ चालत नाही. अळणी माणूस म्हणजे झाकण काढलेली घागर. देवरुषी गाढव खरा, पण गाढवालाही कधीकधी वाट—

पुस्तकात हे नाही. डोक्यातलं मीठ कमी झालंय, म्हणून सुचतंय. एवढंच.

दुपारी दुसऱ्या पाटाकडं पाहिलं नाही. पाठ करून बसले. फुलपात्र हललं, त्याचा आवाज ओळखीचा. मालक पाणी पिताना तांब्या दाताला लागायचा. तसा.

वैशाख शुद्ध ९

कळप निघाला. तानुबाई निरोप घ्यायला कुडापाशी आली. आबासाहेब झोपलेले, चतुराबाई ताटं वाढायला बसलेल्या. मी कमलला पाठीवर घेऊन ओढत नेलं. तानुबाईकडं सामानाचं एकच घोडं. सामान उतरवून कमलला त्यावर बांधली. वालूरला कमलच्या मावसभावाकडं सोडते म्हणाली. कनवटीला उरलेला एकच खडा होता, माझ्यासाठी आणला होता तिनं. मी म्हटलं, तिच्या गालात धर, चाटू दे हळूहळू, आणि पेज दे मीठ घालून, पाणी घोट-घोट. जास्त नाही. तानू, जास्त नाही.

ती म्हणाली, "तुमीबी चला की वो. घोडं पाळीपाळीनं घिऊ." पायांत गोळे आहेत म्हटलं. खरंही होतं. पण दुपार होत आली होती आणि दुसरं ताट वाढलेलं—

मी म्हाताऱ्यांना हसत होते.

जाताना पांढऱ्या शेळीपुढं हात धरला. घामानं ओला हात. तिनं वास घेतला.

तोंड फिरवलं.

वैशाख

कमल पोचली असेल. घोट-घोट. खडा गालात. ती वाचेल. एक तरी.

रडले. आसू जिभेवर घेतला. विहिरीसारखा गोड.

चतुराबाई विचारत नाहीत कमल कुठं गेली. मलाच आग्रह करतात, घ्या बाई, अजून थोडं पाणी घ्या.

तिथी आठवत नाही

दुपार.

डोकं. कुणी मडक्यात हरभरे—

ते बसलेत. पाटावर. डोळे खोल गेलेले, त्या दिवशीसारखे. बोटांची टोकं सुरकुतलेली. चंद्रभान शेजारी. त्याच्याकडं बघत नाहीत. माझ्याकडं बघतात.

मला ठाऊक आहे हे काय आहे. पुस्तकात आहे. मेंदू फुगला की माणसाला दिसतं. मूर्ख बाई, तुला ठाऊक आहे.

आणि हेही ठाऊक आहे की ते फुलपात्रातलं पीत नाहीत. फुलपात्र भरलेलंच आहे. जीभ माझी सुकते.

हात पुढं केलाय. पाणी म्हणतात. तोच आवाज. वैदू उंबऱ्यावर नाही आज. अडवायला कुणी नाही.

तेव्हा दिलं नाही. आता कुठल्या तोंडानं नाही म्ह—