उजव्या अंगाची गाठ

१८ नोव्हेंबर १९७१
हे फॅक्टरीत गेल्यावर आज पुन्हा यांच्या पात्याने हनुवटी साफ केली. सातवा लागलाय आणि मला दाढी! आवाजही घोगरा. दारामागून "कौन?" म्हटलं तर दूधवाला म्हणाला, "भैयाजी, दूध ले लो."

सासूबाई मात्र खूश. "काहून रडून राहिली? पोरगा आहे पोटात, त्याचंच तेज येऊन राहिलं तुझ्यावर!" तेज म्हणे!

२५ नोव्हेंबर
सदरच्या दवाखान्यात डॉ. विनताबाईंना दाखवलं. पोट चाचपता चाचपता त्यांनी एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. उजव्या अंगाला गाठ आहे — अंडाशयात. गरोदरपणात क्वचित होते म्हणाल्या, तीच हे पुरुषी रस सोडते, बाळंतपणानंतर आपोआप विरते.

"पक्कं ना?" "पोट उघडल्याशिवाय पक्कं कसं सांगू?"

मोठे सर्जन म्हणतात, कापा. बाळ राहील? "कह नहीं सकते." आणि न कापता कॅन्सर निघाला तर? मला मरायचं नाही!

४ डिसेंबर
लढाई सुरू झाली. दारूगोळ्याची फॅक्टरी, म्हणून यांची डबल शिफ्ट, रजा बंद. ब्लॅकआउट म्हणून खिडक्यांना काळे कागद चिकटवले. कापायचं की थांबायचं ते उद्या सांगायचंय. यांना विचारलं तर म्हणाले, "तू म्हणशील तसं." सहा वर्षांत एकदा तरी विचारलं होतं का, मी काय म्हणते ते? नेमकं आत्ताच!

५ डिसेंबर
थांबते म्हणून सांगून आले.

१७ डिसेंबर
लढाई संपली. क्वार्टरांच्या लाइनीत फटाके, शेजारची पुष्पा गूळ वाटून गेली. गाठ वाढलेली नाही, म्हणाल्या विनताबाई. मी मात्र सारखी पोट चाचपते. बाळ हललं तरी दचकते.

३ फेब्रुवारी १९७२
सुटले! काल दुपारी. नर्स ओरडली, "लड़का हुआ!" सासूबाईंनी अख्ख्या लाइनीत पेढे वाटले. "बघ, मी म्हणत नव्हती?" विनताबाई तेवढ्या हसल्या नाहीत. बाळाच्या गालाच्या आतून कापूस फिरवून तपासायला नेला. का, ते सांगेनात.

११ फेब्रुवारी
विनताबाई घरी आल्या, खोलीचं दार लावून घेतलं. गाठ विरू लागलीय. पण तिचा रस पोटात बाळालाही लागला होता, म्हणून वरून मुलासारखं दिसतं. गालातल्या कापसाच्या तपासणीत कळलं, मुलगी आहे. माझी मुलगी.

बाहेर सासूबाई तिला मामंजींच्या नावाने खेळवताहेत — "विष्णू, ए विष्णू!"