चौथ्या दिवशी दुखणं थांबलं

मंगळवार, ३ मार्च

प्रिय ताई,

हे पत्र शिलाईचं मशीन बंद करून वाच. आधी एक चूक दुरुस्त करते. बाबांच्या उपचारांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला तू प्रस्तावना लिहिणार म्हणून आपल्या लहानपणीची जी हकीकत मी गेल्या पत्रात पाठवली, तिच्यात 'चिठ्ठ्या अगदी प्रामाणिकपणे काढल्या जात' असं एक वाक्य आहे. ते खोटं आहे. चिठ्ठ्यांच्या बाबतीत बाबा प्रामाणिक होते, तू होतीस. मी नव्हते.

तुला सगळं आठवत असेलच, पण क्रमाने सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ती सवयही बाबांचीच. आई गेल्यावर त्यांनी आपल्याला शाळेतून काढलं. मी स्वतः विज्ञानाचा मास्तर, शाळेत काय शिकवतात ते मला ठाऊक आहे, असं म्हणाले. जेवणाचं टेबल ही आपली शाळा. घरगुती उपचारांतलं खरं किती आणि खोटं किती हे त्यांना एकदाचं निवडून काढायचं होतं, आणि हाताशी दोन मुली होत्या. एकाच पलंगावर झोपायचो, त्यामुळे एकीचं दुसरीला लागायचंच. दोघी आजारी पडलो की स्टीलच्या पेल्यात दोन चिठ्ठ्या पडायच्या, एकीवर 'उपचार', दुसरीवर 'काही नाही'. मग चौदा दिवस डॉक्टर नाही, गोळी नाही, कारण निष्कर्ष बिघडतो. वजाबाकी मी तुझ्या तापातून माझा ताप वजा करून शिकले. सरासरी शिकले तुझ्या खोकल्यावर. नऊ वर्षांची असताना माझं अक्षर बरं म्हणून नोंदवही माझ्याकडे आली आणि बाबा मला 'कारकून' म्हणायला लागले. तू चिडवायचीस, कारकूनबाई, आज माझ्या नाकाची काय नोंद.

चिठ्ठ्याही मीच लिहायचे, आणि धाकटी म्हणून पहिली मीच काढायचे. 'काही नाही'च्या चिठ्ठीचा कोपरा मी नखाने दाबून ठेवायचे. पेल्यात बोट घातलं की तो वळ लागायचा. मधाची पाळी असली की मी 'उपचार' काढायचे. कांद्याचा रस किंवा मोहरीचा लेप असला की 'काही नाही'. बाबा म्हणायचे, कारकुनाचं नशीब जोरावर आहे. आता वहीशी ताडून मोजलं. मी लिहायला लागल्यापासून एकोणीस वेळा चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या चौदा मी ओळखून काढल्या. ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'प्रत्येक उपचार दोन व्यक्तींवर तपासलेला' असं छापलं आहे, त्यातलं बरंचसं खरं-खोटं एका हावरट पोरीच्या जिभेने ठरवलेलं आहे. मधाने खोकला हलका होतो हे खरंच निघालं, डॉक्टरही तसं सांगतात. पण त्याचं श्रेय ना माझं, ना बाबांचं.

आता कान. मी दहाची, तू चौदाची. सर्दी कानात उतरली, तुझ्या डाव्या, माझ्या उजव्या. उपचार होता लसूण उकळलेलं तेल, कोमट, पाच थेंब, दिवसातून तीनदा. मला तेलाची भीती वाटत होती. मी पेल्यात बोट घातलं, वळ शोधला आणि 'काही नाही' काढली. उरलेली तू उघडलीस आणि मला डोळा मारलास, कारण मी सुटले याचा तुला आनंद झाला होता. तीन दिवस तू उशीत तोंड खुपसून रडलीस. चौथ्या दिवशी सकाळी हसत उठलीस. उशीवर पिवळा डाग होता. मी वहीत लिहिलं, 'चौथा दिवस. दुखणे पूर्ण थांबले. कानातली घाण बाहेर पडली.' बाबांनी समासात लिहिलं, 'उत्तम.' माझा कान आठवडाभर ठणकला आणि आपसूक बरा झाला. तुझं तेल आणखी दहा दिवस चाललं, कारण चौदा म्हणजे चौदा.

त्यापुढचं तू जगतेस. लेखी परीक्षेत पहिली आलीस आणि नर्सिंगच्या वैद्यकीय तपासणीत कानावरून परत आलीस. बाबा म्हणाले, त्यांचं यंत्र जुनं असेल. पुढे तेच म्हणायला लागले की तापाने तुझी नस कमजोर झाली. ज्या इस्पितळाच्या वॉर्डात तू गणवेश घालून फिरणार होतीस, त्याच्याच धुलाईखान्यात आज फाटक्या चादरी शिवतेस. मशीनचा खडखडाट अर्धाच ऐकू येतो ही केवढी सोय, असं म्हणतेस. त्यावर मी दर वेळी हसले आहे.

मी कानाच्या डॉक्टरांशेजारी बसून नोंदी लिहिते, हे तुला ठाऊक आहे. कारकूनच. जानेवारीत एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचा कान तीन दिवस ठणकत होता, मग हिने पुस्तकात बघून तेल घातलं आणि ठणका एकदम थांबला. आता जरा पाणी येतंय एवढंच, म्हणून दाखवायला आणलं होतं. पिशवीतून पुस्तक काढून तिने पान उघडून दाखवलं. पान एकसष्ट. मलपृष्ठावर बाबांचा फोटो, तो मीच काढलेला. डॉक्टरांनी मुलीच्या कानात पाहिलं आणि मान वर न करता म्हणाले, "थांबणारच, बाई. पडदा फाटलाय." आत पू दाटतो तोवर ठणका असतो. पडदा फुटला की दाब संपतो आणि ठणकाही संपतो. असा पडदा बहुतेकदा भरून येतो, पण त्यात तेल ओतत राहिलं तर चिघळू शकतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. बाई पुन्हा पुन्हा विचारत होती, पण थांबलं ना दुखणं, म्हणजे पुस्तकातलं खरंच ना? डॉक्टर हात धूत होते. मी पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला.

घरी येऊन मी जुनी वही काढली. तुझ्या कानाच्या पानामागे टाचणीने एक कागद लावलेला आहे. बाबा कागद कधी फेकत नाहीत. पंधराव्या दिवशी ते तुला डॉक्टरकडे घेऊन गेले आणि येताना तुला नव्या चपला घेतल्या, त्या दिवशीचा तो कागद. 'डाव्या कानाचा पडदा फाटलेला, जखम चिघळलेली. कानात काहीही घालू नये. आठ दिवसांनी पुन्हा दाखवावे.' पुन्हा दाखवल्याची नोंद कुठे नाही. तापाचा आणि नसेचा त्यात शब्दही नाही.

मी वही बाबांसमोर ठेवली. आधी नखाचं सांगितलं. माझं सगळं काम नासवलंस, म्हणाले, आणि बराच वेळ तेच म्हणत राहिले. मग मी टाचणीचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि एकदम शांत झाले. म्हणाले, "ही नोंद पंधराव्या दिवशीची आहे. प्रयोग चौदाव्या दिवशी संपला. ती धरता येत नाही." एकसष्ट जसं आहे तसं राहील, आणि नखाचं कुणाला सांगायचं नाही, असंही बजावलं. नंतर चहा मागितला. मी करून दिला.

काल तुझी प्रस्तावना पोचली. 'चौथ्या दिवशी माझं दुखणं थांबलं, त्यासाठी मी बाबांची जन्मभर ऋणी आहे.' तुझ्या सुरेख अक्षरात. म्हणून हे पत्र. नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आहेत, आणि कारकुनाने तपासलं म्हणजे झालं, असं म्हणून बाबांनी न वाचता शेवटची सही करून टाकली आहे. एकसष्टाव्या पानावर मी वहीतली नोंद जशीच्या तशी, टाचणीचा कागद आणि नखाची हकीकत घातली आहे, खाली माझं नाव आहे. बाबांना सांगितलेलं नाही. प्रयोग ज्याच्यावर चाललाय त्याला मध्येच काही सांगायचं नाही, हा त्यांचाच नियम. तुझ्या प्रस्तावनेला मी हात लावणार नाही. ती राहिली तर पहिल्या पानावर तू त्यांचे आभार मानशील आणि एकसष्टाव्या पानावर लोक वाचतील, कशाबद्दल. ठेवायची की काढायची ते तू ठरव. या वेळी पेल्यात आधी बोट मी घालणार नाही. माफी मागणार होते, पण ती मागणं म्हणजे पुन्हा मधाची चिठ्ठी काढणं. रविवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही, तर प्रस्तावना आहे तशी जाईल. मुद्रितं मी छापखान्यात नेऊन देणार आहे सोमवारी, नऊ मार्चला, सकाळी साडेदहाला.

तुझीच,
कारकूनबाई