मी न सांगितलेलं वाक्य

बनुमावशींना प्रणिताचा नमस्कार.

काल तुम्ही पारनेरहून केडगावला माझ्या जर्मनच्या क्लासवर बाजरी घेऊन आलात. म्हणालात, "पोरी, तू हुतीस म्हनून डाक्तरचं बोलनं मला कळलं." तेव्हापासून घास गिळवत नाही.

तुमचा अमृत माझ्याकडेच भाषा शिकून जर्मनीला नर्स म्हणून गेला. त्याच्या अपघातानंतर तिथल्या डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा दुभाषी म्हणून मी तुमच्याशेजारी बसले होते. ते म्हणाले, "फार तर तासभर आहे तो. आईला बोलू द्या त्याच्याशी." तुम्ही माझा हात घट्ट धरून विचारलंत, "काय म्हनत्यात?"

माझ्या तोंडून निघालं, "झोपलाय. उद्या बोलू म्हणतात."

तुम्ही फोनलाच हात जोडलेत. मी तो बंद केला. तासाभरात अमृत गेला.

मावशी, शब्द मला येत होते. तुमच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही.

डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले होते, "फोन त्याच्या कानाशी धरलाय, त्याला ऐकू येतंय." म्हणजे तुमचा प्रश्न अमृतनं ऐकला आणि माझं उत्तरही. डॉक्टरांचं जर्मनही त्याला कळत होतं; दोन्हींतला फरक त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तुमची अपराधी,
प्रणिता