सरकारचं पहिलं वर्ष आणि आमचं घर

२१ नोव्हेंबर १९९४
उदयसिंहजींनी पान सोपवलं. भोपाळच्या नव्या राज्य सरकारला वर्ष होतंय, सात डिसेंबरला पूर्ण पान. संपादक म्हणून एकच सूचना – 'हिसाब चाहिए तायडेजी, हार-फूल नहीं. पूरी तारीफ करोगे तो लोग बोलेंगे, बिक गए.'
हिंदी पेपरात अठ्ठावीस वर्षं झाली. विकलेले लेख लांबून ओळखू येतात मला. पण या वर्षाबद्दल खरंच चांगलं लिहावंसं वाटतंय. अडचण हीच!

२३ नोव्हेंबर
घरमालक आले होते. मुलाचं लग्न ठरलं, मार्चपर्यंत दोन्ही खोल्या खाली करा. बोलले गोड.
शशिकला लगेच दुपारी तीन ठिकाणी जाऊन आली. सगळीकडे आधी भाडं, मग आडनाव, मग 'सोच के बताते हैं.' चप्पल काढताना म्हणाली, 'सतरा वर्षांत चौथं घर. आता आपलं दार पाहिजे हो.'

२५ नोव्हेंबर
हातोदच्या पुढे एका गावात गेलो. नव्या पंचायती येऊन सहा महिने झालेत. भोपाळचे आकडे टेबलावर बसून कुणीही लिहील – प्रत्यक्ष पाहायचं होतं.
सरपंच कांताबाई. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, आवाज मात्र फाटकापर्यंत. बैठक शाळेच्या ओट्यावर. नवरा शेजारी बसून माझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागला, तर बाई म्हणाल्या, 'काम की बात मुझसे पूछो साबजी. चाय की इनसे.' अख्खा ओटा हसला. नवराही!
हँडपंप कुठे घ्यायचा यावर तासभर भांडण झालं. शेवटी तो बाईंच्या घरापासून सगळ्यात लांबच्या वस्तीत ठरला. हात वर करून. मी लिहिणं थांबवून बघत राहिलो. एवढ्या वर्षांत सरकार गावात जीपमधून उतरताना पाहिलं होतं. ओट्यावर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

२७ नोव्हेंबर, रविवार
शशिकलाचा भाऊ चांगदेव जेवायला. बावीस वर्षं मिलमध्ये विणकर, मिल बंद झाल्यापासून पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रे कापतो. बोटांना पट्ट्या.
कांताबाईंचं सांगितलं. ऐकून घेतलं, मग – 'बढिया है भिया. और हमारा भोंगा कब बजेगा? ते पण विचारा तुमच्या सरकारला.'
म्हटलं, 'मिलबद्दल सरकारने काही केलं नाही, हे लिहिणार आहे.'
'वर लिहा. खाली नको. खाली कोण वाचतो?'
बरोबर बोलला. मिलचा परिच्छेद वर घेतला.

३० नोव्हेंबर
सरकारी जनसंपर्क खात्यातल्या वासुदेवजींचा फोन. हा माणूस कधी कामाशिवाय करत नाही. 'लेख कब आ रहा है? ऊपर पूछ रहे थे. आपका ध्यान रखते हैं सब लोग.'
ध्यान! फोन ठेवल्यावरही शब्द कानात राहिला.

१ डिसेंबर
हाउसिंग बोर्डाचं पत्र. माझ्या नावाने घर 'आवंटित'. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण.
काल फोन, आज घर. इतकं उघड करतात?
शशिकलाने पत्र दोन्ही हातांनी धरलं होतं. मी सांगितलं, घ्यायचं नाही. घेतलं तर लेख विकलेला ठरेल.
'मग लेख दुसऱ्याला लिहू द्या.'
'लेख खरा आहे.'
'आणि घर खोटं आहे का?'
मुलगी मैत्री अभ्यासाचं पुस्तक घेऊन बाहेर गेली.

२ डिसेंबर
स्वतः जाऊन नकाराचं पत्र आवक खिडकीत दिलं. दोन ओळी. पोच घेतली. हलकं वाटलं. शशिकला दिवसभर कामापुरतं बोलली.

४ डिसेंबर
लेख झाला. मिल, बंद कारखाने, रिकामे हात – पहिले दोन परिच्छेद, काहीही सौम्य न करता. मग पंचायती. मग दवाखाने आणि रस्ते, जेवढं झालं तेवढं. शेवटी लिहिलं: या सरकारने वर्षभरात थोडी सत्ता स्वतःच्या हातातून सोडली, आणि हे मी आधी पाहिलेलं नाही.
उदयसिंहजी दोनदा वाचून म्हणाले, 'तारीफ ज्यादा है. लेकिन काटूं कहां से?'
घर परत केलं नसतं तर तो शेवट लिहिताना हात अडखळला असता.

६ डिसेंबर
सकाळी महूला, दरवर्षीसारखं अभिवादनाला. शशिकला बरोबर आली. परतताना बसमध्ये माझ्या शेजारी बसली – पण खिडकीकडे तोंड.

७ डिसेंबर
छापून आला. अकरा फोन. चांगदेव मात्र स्वतः आला. 'वर लिहिलंत. मानलं भिया.'

१२ डिसेंबर
बोर्डाकडून बोलावणं – फाइल बंद करायला सही हवी. टेबलावर निशिगंधा म्हणून बाई, मूळच्या नाशिकच्या. स्वच्छ मराठी. नाकारण्याचं कारण काय लिहू, विचारलं.
मी जरा ताठच होऊन म्हणालो, 'पत्रकार म्हणून मिळालेली सवलत मला नको.'
त्या गोंधळल्या. 'पत्रकारांची यादी वेगळी असते. तुमचं नाव तिच्यात नाहीच. हा सर्वसाधारण यादीतला अर्ज आहे, त्र्याऐंशी सालचा.'
फॉर्म पुढे केला. माझंच अक्षर! बोर्डाबाहेरच्या रांगेची बातमी करायला गेलो होतो, तेव्हा रांगेतल्या माणसांबरोबर मीही एक भरला होता. घरी सांगितलंही नव्हतं. तेव्हा यादीत कुणाचा नंबर लागायचा? दरवेळी मध्ये शिफारशीचे घुसायचे. तेच तर छापलं होतं.
'यंदा पहिल्यांदा यादी क्रमाने निघाली,' त्या म्हणाल्या. 'एकही नाव मध्ये आलं नाही. पत्रात खाली अर्जाचा क्रमांक आणि तारीख होती की.'
खाली मी वाचलंच नव्हतं. एका फोनवरून बातमी बनवली – वार्ताहराने असं केलं असतं तर त्याला उभं राहू दिलं नसतं.
नकार मागे घेता येईल का, विचारलं.
'परवाच मंजूर झाला. घर पुढच्या क्रमांकाला गेलं.'
आठ दिवसांत! पूर्वी याच कामाला वर्ष लागलं असतं.

१३ डिसेंबर
शशिकलाला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. पिशवी उचलली, म्हणाली, 'एवढं कौतुक लिहिलंत, पण विश्वास तुमचाच नव्हता.' मग एकटीच खोल्या बघायला गेली.